तीनशे क्रमांकाच्या तुकडीचे दप्तर

लढाऊ विमानांच्या एखाद्या स्क्वाड्रनचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे आपल्याकडे त्याची एक ठरीव रीत पडून गेली आहे. प्रथम स्थापनेची तारीख, मग विमानांची नावे, मग युद्धातील दोनचार दिवसांचे पराक्रम, मग पदकांची यादी, आणि अखेरीस बोधचिन्हावरील वाघास किंवा गरुडास साक्षी ठेवून काढलेले गौरवोद्गार. या रीतीत खोटे असे काही नसते, आणि ज्यांचा गौरव होतो ते त्यास सर्वस्वी पात्र असतात, याविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या पद्धतीने जे सिद्ध होते ती बखर होय. ज्या प्रांतात विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून, पानिपतासारख्या विषयातसुद्धा बखरकाराच्या शब्दावर विसंबू नका, अस्सल पत्रे पाहा, असे खडसावून सांगितले, त्या प्रांतातील वाचकाने निदान आपल्या डोळ्यांसमोर घडलेल्या इतिहासाच्या बाबतीत तरी बखरीवर समाधान मानू नये, एवढेच मला या लेखात म्हणावयाचे आहे. त्यासाठी मी जे उदाहरण घेतो ते आपल्याच किनाऱ्यावरचे, गोव्याच्या दाभोळी येथील नौदलाच्या तीनशे क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे आहे. ‘व्हाइट टायगर्स’, म्हणजे पांढरे वाघ, हे तिचे नाव पुष्कळांच्या कानावरून गेले असेल.

ही तुकडी उभी राहिली ती मात्र आपल्या किनाऱ्यापासून फार दूर. ७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमधील वेल्सच्या ब्रॉडी या नाविक विमानतळावर, लेफ्टनंट कमांडर बी. आर. आचार्य यांच्या हाताखाली तिची स्थापना झाली. तिच्या स्वाधीन झालेले विमान म्हणजे एका आसनाचे, एका नीन इंजिनाचे आणि वीस मिलिमीटरच्या चार तोफा वाहणारे सी हॉक. ज्या वर्षी आपली तुकडी उभी राहिली त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराने आपल्या पहिल्या फळीतून हे विमान मोडीत काढले. जिच्यावरून ते उडावयाचे होते त्या नौकेचीही जन्मकथा अशीच. दुसरे महायुद्ध संपता संपता ‘हर्क्युलिस’ या नावाने पाण्यात लोटलेले आणि मग अर्धवट स्थितीत पडून राहिलेले ते जहाज भारताने १९५७ साली विकत घेतले, बेलफास्टच्या गोदीत त्यावर तिरकस धावपट्टी, वाफेचा कॅटापुल्ट आणि उतरण्यासाठीची आरशाची योजना बसवून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ‘विक्रांत’ या नावाने ते नौदलात दाखल करून घेतले. गरीब राष्ट्राने काटकसरीने मांडलेला हा संसार होता. त्यात लाजण्यासारखे काही नाही, परंतु पुढील सर्व हकीकतीचे बीज त्या काटकसरीत आहे, आणि बखरीतून नेमके तेवढेच गळते.

१८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी विक्रांतच्या डेकवर पहिले जेट विमान उतरविले. हेच गृहस्थ पुढे नौदलप्रमुख झाले. ‘उतरविले’ हे क्रियापद लिहावयास सोपे आहे. त्यामागची क्रिया काय असते हे थोडे जवळून पाहिल्यावाचून स्क्वाड्रन ही वस्तू कळणार नाही. समुद्रावर पुढे सरकत असलेली, लाटांबरोबर डुलणारी, उभ्या लांबीने सुमारे सातशे फूट भरणारी नौका; तीतील विमानाच्या वाट्यास येणारी जागा तर तिच्या एका अंशाइतकीच. आरशात दिसणारा दिवा दोन्ही बाजूंच्या दिव्यांच्या ओळीत राखीत वैमानिकाने खाली यावयाचे, शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकवावयाचा, आणि चाके टेकल्याबरोबर इंजिन बंद करण्याऐवजी पूर्ण शक्तीने चालू ठेवावयाचे; कारण आकडा तारेत अडकलाच नाही, तर पुढच्या दोनतीन सेकंदांत तिरकस पट्टीच्या टोकावरून पुन्हा हवेत चढण्यावाचून अन्य गती नसते. उड्डाणाचीही हीच तऱ्हा. खलाशांनी विमान ढकलीत कॅटापुल्टच्या तोंडाशी आणावयाचे, पोटाखाली पोलादी दोर अडकवावयाचा, वाफेचा दाब पाहावयाचा, आणि मग गोफणीतून दगड सुटावा तसे ते विमान काही टन वजनासकट समुद्रावर भिरकावले जावयाचे. यात वैमानिक एक; दोर अडकविणारा, तार तपासणारा, वाफ धरून ठेवणारा, खूण देणारा, विमान वर-खाली नेणाऱ्या लिफ्टवर उभा असलेला असे हात कितीतरी. या हातांपैकी एकाचेही नाव पदकाच्या राजपत्रात सहसा येत नाही. त्यांची नावे सापडलीच, तर ती दैनंदिन कामाच्या नोंदवहीत, रजेच्या फर्दीत, अपघाताच्या चौकशीतील जबानीत सापडतील.

गोव्याशी या तुकडीचा संबंध कसा जडला, तेही सांगण्यासारखे आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीची कारवाई झाली त्या वेळी विक्रांत नुकतीच मुंबईस येऊन पोचली होती आणि पश्चिम किनाऱ्यालगत पहाऱ्यावर होती. पण दाभोळीच्या धावपट्टीवर १८ डिसेंबरला जे बॉम्ब पडले ते पुण्याहून निघालेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी टाकले, सी हॉकनी नव्हेत. पोर्तुगिजांनी बांधलेली ती धावपट्टी पुढल्या वर्षी नौदलाच्या ताब्यात आली, आणि आधी सुलूर येथे असलेला ‘हंसा’ हा नौदलाचा विमानतळ १९६४ साली तेथे हलविण्यात आला. ज्या जमिनीवर आपल्याच विमानांनी खड्डे पाडले तिच्यावरच आपल्या नाविक विमानांनी घर केले. पुढे मुलकी उतारूंची विमानेही तेथेच उतरू लागली. सुटीला गोव्यास जाणारा मुंबई-पुण्याचा प्रवासी खिडकीतून जी करड्या रंगाची विमाने पाहत असे, ती याच तुकडीची किंवा तिच्या भावंडांची.

१९६५ चे युद्ध आले तेव्हा विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी अडकून पडलेली होती. तीनशे क्रमांकाची तुकडी जामनगरास होती. तेथून तिला मुंबईच्या रक्षणासाठी परत बोलाविण्यात आले. या युद्धात तिच्या नावे सांगण्यासारखा पराक्रम नाही, म्हणून बखर या वर्षावरून झपाट्याने पुढे जाते. मला मात्र हेच वर्ष अधिक बोलके वाटते. ज्या तुकडीने चार वर्षे समुद्रावरच्या डेकवर उतरण्याचा सराव केला तिला प्रत्यक्ष प्रसंगी जहाजच नाही. मग ती कोणाच्या अखत्यारात राहावयाची, नौदलाच्या की हवाई दलाच्या. तिने शत्रूच्या ठाण्यावर चालून जावयाचे की मुंबईच्या आकाशात घिरट्या घालावयाच्या. आणि हे हुकूम कोणी, कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत दिले? राज्यकारभाराचा अभ्यास करणाऱ्यास असल्या प्रश्नांत जे मिळते ते विजयाच्या वर्णनात मिळत नाही. पण त्याचे उत्तर हुकुमांच्या नकलांत असते, आणि त्या नकला सामान्य अभ्यासकाच्या हाती पडत नाहीत.

यानंतर १९७१. ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे, निदान ठाऊक असल्याचे सर्वांस वाटते. विक्रांतच्या चारांपैकी एका बॉयलरला चिरा गेल्या होत्या आणि तो निकामी होऊन नौका उरलेल्या तिघांवर चालत होती. वेग घटला, आणि विमानवाहू नौकेचा वेग ही केवळ प्रवासाची बाब नसते, तर तिच्यावरून उडणाऱ्या विमानास समोरून जो वारा लागतो त्याचा हिशेब त्या वेगावरच बसविलेला असतो. त्यातून बंगालच्या उपसागरात त्या ऋतूत वारा मंद. अशा नौकेस युद्धात पाठवावे की नाही, याविषयी नौदलात मतभेद होते; नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ती पूर्वेस पाठविण्याचा निर्णय केला. नोव्हेंबरात ती अंदमानच्या आडोशास दडवून ठेवण्यात आली. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणच्या बाहेर बुडाली, आणि त्या घटनेवर पुढे चित्रपटही निघाला. ४ डिसेंबरच्या सकाळी विक्रांतवरून सी हॉक उडाली ती कॉक्सबझारवर, आणि त्याच दिवशी चितगाववर. पुढील दिवसांत खुलना, मोंगला, चालना, नद्यांच्या मुखांवरील जहाजे व गोद्या यांवर मारा चालू राहिला. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि नौकेचे कप्तान स्वराज प्रकाश या दोघांसही महावीर चक्र मिळाले. शत्रूच्या माऱ्याने एकही सी हॉक गमवावे लागले नाही.

हा पराक्रम निर्विवाद आहे, आणि तो मी उणा करू पाहत नाही. उलट मला असे वाटते की बखरकाराने त्याची उंची कमीच सांगितली आहे, कारण त्याने तो वैमानिकांच्या धाडसापुरता मर्यादित केला. चीर गेलेल्या बॉयलरच्या खोलीत, डिसेंबरातसुद्धा अंगाची लाही करणाऱ्या उष्णतेत, कॅटापुल्टला पुरेशी वाफ राहील की नाही हे दर उड्डाणाच्या वेळी पाहणाऱ्या माणसांनी काय केले. इतर देशांत जुनाट ठरलेल्या विमानाचे सुटे भाग कोठून आणि कसे जमविले. एका दिवसात किती उड्डाणे करता आली आणि वाऱ्याअभावी किती रद्द करावी लागली. उडताना कमी वजन ठेवण्यासाठी इंधन आणि दारूगोळा यांत कशाची काटछाट केली. हे सर्व नौकेच्या आणि तुकडीच्या रोजनिशीत लिहिलेले असणार. नौदलाने आपला इतिहास लिहविला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्हाइस ॲडमिरल गुलाब हिरानंदानी यांनी सिद्ध केलेले खंड सैनिकी इतिहासाच्या आपल्याकडील बेताच्या शेल्फावर मानाने उभे राहतील असे आहेत, आणि बॉयलरच्या प्रश्नासारखे अवघड विषय त्यांनी टाळलेले नाहीत. परंतु ते संपूर्ण नौदलाचे, वरून पाहिलेले चित्र आहे. आणि अधिकृत ग्रंथकाराने निवडून दिलेला मजकूर व मूळ कागद यांतील अंतर मराठी वाचकास नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेल्या १९७१ च्या युद्धाच्या इतिहासाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. विभागातील विद्वानांनी तो लिहून पूर्ण केला. सरकारने तो ‘मर्यादित’ असा शिक्का मारून कपाटात ठेवला. २००० साली एका इंग्रजी वृत्तपत्राने तो परस्पर प्रसिद्ध केला. आणि रीतसर छापील ग्रंथ बाजारात येण्यास युद्धानंतर चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली. ज्या युद्धाचा आपणांस सर्वांत अधिक अभिमान, त्याच्याच इतिहासाची ही कथा. जिंकलेल्या लढाईचे कागद लपविणारे सरकार हा मला नेहमीच एक कोड्यात टाकणारा प्राणी वाटत आला आहे.

त्या वैभवानंतर जी वर्षे आली ती तर बखरीत जवळजवळ कोरीच आहेत. जुलै १९७२ मध्ये, म्हणजे युद्ध संपून वर्षही झाले नव्हते तेव्हा, जागच्या जागी उडणारे व उतरणारे ब्रिटिश हॅरियर विमान विक्रांतवर आणून दाखविण्यात आले. ते नौदलास पसंत पडले. मागणी नोंदविली गेली १९७९ साली. आणि पहिली तीन सी हॅरियर विमाने दाभोळीस उतरली १६ डिसेंबर १९८३ रोजी. त्यानंतर चार दिवसांनी त्यांतील पहिले विक्रांतच्या डेकवर उतरले. तुकडीचे तेव्हाचे प्रमुख अरुण प्रकाश यांनी १९७१ साली हवाई दलाच्या हंटर तुकडीत राहून वीरचक्र मिळविले होते. तेही पुढे नौदलप्रमुख झाले. विमान दाखविले गेले आणि विमान आले यांमध्ये अकरा वर्षांचे अंतर. या अकरा वर्षांत सी हॉक थकत गेली, सुटे भाग आटत गेले, आणि ज्यांनी डेकवर उतरण्याची विद्या पैदा केली होती ती पिढी वयाने वर सरकत गेली. अशा काळात एखादी स्क्वाड्रन जिवंत कशी राहते? विमानांवाचून कसब टिकवावयाचे कसे, तरुणास शिकवावयाचे काय, उमेद धरावयाची कशावर? स्क्वाड्रनच्या आयुष्यातील हा भाग युद्धाच्या दिवसांहून कितीतरी लांब आणि, माझ्या मते, कितीतरी कठीण असतो. परंतु फायलींवर बसलेल्या वर्षांना पदके मिळत नाहीत, म्हणून त्यांचा इतिहासही होत नाही.

सी हॅरियरचा काळ हा धाडसाचा आणि दुःखाचा काळ होता. फॉकलंडच्या युद्धात या विमानाने जे नाव मिळविले त्याचे तेज घेऊन ते आपल्याकडे आले. १९८७ साली ‘हर्मिस’ ही त्या युद्धातलीच ब्रिटिश नौका ‘विराट’ या नावाने आपल्या ताफ्यात आली. नौकेच्या नाकाशी वर उचललेल्या उतारावरून झेप घ्यावयाची आणि परत येताना हवेत स्थिर राहून, इंजिनाच्या फवाऱ्यावर तोल सांभाळीत, सरळ खाली बसावयाचे, ही कसरत पाहणाऱ्यास कौतुकाची आणि करणाऱ्यास जीवघेणी. तीसच्या आसपास विमाने आपण विकत घेतली; त्यांतील निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, आणि काही तरुण वैमानिक त्यांच्याबरोबर गेले. त्यांत युद्धाचा एकही दिवस नव्हता. हे सर्व सरावात, शांततेच्या काळात, बहुतांशी गोव्याच्या आकाशात आणि समुद्रावर घडले. या अपघातांच्या चौकश्या झाल्या, त्यांचे अहवाल लिहिले गेले, आणि त्यांतून सुधारणाही झाल्या असतील. पण इंजिनाचा दोष किती, सरावाच्या पद्धतीचा किती, सुट्या भागांच्या टंचाईचा किती, आणि विमानाच्या मूळ रचनेतील अवघडपणाचा किती, हा जमाखर्च आजतागायत लोकांसमोर मांडला गेलेला नाही. ११ मे २०१६ रोजी दाभोळीस सी हॅरियरचा निरोपसमारंभ झाला, जुनी विमाने व नवी मिग-२९के एकत्र उडाली, आणि तुकडीने त्याच दिवशी आपला क्रमांक व आपला वाघ या रशियन विमानास बहाल केला. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली. गेलेल्या विमानांचा उल्लेख एका वाक्यात होता.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. मिग-२९के विमानांच्या बाबतीत भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६ सालच्या आपल्या अहवालात स्पष्ट लिहून ठेवले की एका आसनाच्या विमानांची उड्डाणयोग्यता १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान राहिली, आणि दाखल झाल्यापासून रचनेतील दोषांमुळे चाळीस इंजिने काढून घ्यावी लागली. हा अहवाल संसदेपुढे ठेवला गेला. कोणासही वाचावयास मोकळा आहे. म्हणजे सेवेत असलेल्या, सीमेवर तैनात होऊ शकणाऱ्या विमानाचा कमकुवतपणा नागरिकास टक्केवारीच्या दशांशापर्यंत कळतो, आणि त्याने राष्ट्र काही बुडाले नाही. परंतु कित्येक दशकांपूर्वी मोडीत निघालेल्या सी हॉकची रोजची नोंद मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली कुलूपबंद. या तर्कटाला काय म्हणावे? वस्तुतः लेखापरीक्षकाचा तो रूक्ष अहवाल हाच तीनशे क्रमांकाच्या तुकडीच्या इतिहासाचा सर्वांत विश्वसनीय प्रसिद्ध कागद आहे असे मी म्हणालो तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

बाहेर काय चालते तेही पाहावे. लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात ब्रिटिश हवाई दलाच्या एकेका स्क्वाड्रनची दुसऱ्या महायुद्धातील रोजनिशी ठेवलेली आहे: तारीख, हवामान, कोण उडाले, कोणत्या क्रमांकाचे विमान, किती वाजता निघाले, किती वाजता परतले किंवा परतले नाही. शाळामास्तरापासून सेवानिवृत्त कारकुनापर्यंत कोणीही जाऊन ती पाहू शकतो. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लढलेल्या हिंदी हवाई दलाच्या स्क्वाड्रनांच्या नोंदवह्याही त्याच दप्तरात आहेत. तेव्हा १९४४ सालच्या एखाद्या सकाळी इंफाळच्या आकाशात हिंदी वैमानिक काय करीत होते ते जाणण्यासाठी लंडनचे तिकीट काढण्याची ऐपत पुरे. ४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी विक्रांतवर काय घडले याची मूळ नोंद पाहण्यास मात्र कोणतीही ऐपत पुरत नाही. पेशवे दप्तर इंग्रज सरकारने वर्षानुवर्षे संशोधकांना बंद ठेवले म्हणून आपल्या पूर्वसूरींनी किती संताप केला! ते दप्तर अखेर उघडले, आणि गोविंद सखाराम सरदेसायांच्या देखरेखीखाली १९३० पासून पुढे त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. आज कुलुपाची किल्ली आपल्याच हाती आहे.

नियमांचे म्हणाल तर ते अनुकूलच आहेत. सार्वजनिक अभिलेखांविषयीचा १९९३ चा कायदा आहे, १९९७ चे नियम आहेत, आणि जून २०२१ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी युद्धे व मोहिमा यांच्या इतिहासाविषयीचे धोरण मंजूर केले, त्यात युद्धरोजनिश्या, नौकांची कार्यवृत्ते आणि तुकड्यांच्या कारवाईच्या नोंदवह्या इतिहास विभागाकडे सोपवाव्यात, इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा, आणि कागद साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले व्हावेत, असे नमूद आहे. धोरण उत्तम आहे. परंतु सरकारी कारभारात ‘साधारणपणे’ या शब्दाच्या पोटात पुष्कळ काही मावते, आणि खुले करावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार अखेर ज्याचे कागद त्याच्याच हाती राहतो. पंचवीस वर्षांची मुदत प्रामाणिकपणे लावली तर सी हॉकचे सर्व पर्व आणि सी हॅरियरच्या पर्वाचा मोठा भाग आजच मोकळा व्हावयास हवा.

यावर आक्षेप येतो तो तुकडीच्या मनोधैर्याचा. अपघातांचे कागद चव्हाट्यावर आले तर मृतांच्या कुटुंबीयांस क्लेश होतील आणि सेवेत असलेल्यांचा धीर खचेल, असे सांगितले जाते. कुटुंबीयांचा विचार अवश्य व्हावा; व्यक्तींची नावे झाकून कागद खुले करण्याची पद्धत इतरत्र रूढ आहे, ती आपणही घेऊ. पण दुसरा अर्धा भाग मला पटत नाही. दररोज डेकवर उतरणाऱ्या माणसास धोक्याची जाणीव कागद वाचून व्हावयाची असते, अशी ज्याची समजूत असेल त्याने डेक पाहिलेली नाही. किंबहुना आपल्या आधीच्या माणसांनी कोणत्या अडचणींत काय केले, हे यथातथ्य कळण्याने जो धीर येतो तो गौरवगीतांनी येत नाही.

वस्तू जपण्याच्या बाबतीत आपण काय केले, ते तर सर्वांसमोर आहेच. विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून काही वर्षे उभी राहिली, आणि २०१४ साली लिलावात निघून दारूखान्याच्या जहाजतोडणी आवारात तोडली गेली. तिच्या पोलादाचा अंश एका मोटारसायकलीत घालून विकला गेला, तेव्हा ती विकत घेण्यासाठी रांगा लागल्या. विराटचे संग्रहालय सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात करण्याचा ८५२ कोटींचा बेत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ साली मंजूर केला. दोन वर्षांत ती नौका तोडली जाण्यासाठी अलंगच्या वाळूवर पोचली. बोगमाळोच्या किनाऱ्याजवळ नौदलाचे विमानसंग्रहालय आहे, आणि ते पाहण्यासारखे आहे. तेथे उघड्यावर उभ्या केलेल्या सी हॉकच्या पंखाच्या सांध्याशी खाऱ्या वाऱ्याने रंग फुगवून त्याचे पापुद्रे काढलेले मी पाहिले आहेत. त्याच्या सावलीत बसून एक कुटुंब डबा उघडून जेवत होते, आणि धाकटा मुलगा पाटीवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवीत होता. पाटीवर विमानाचे वजन, लांबी आणि वेग होता. ते उडविणाऱ्यांविषयी, ते ढकलणाऱ्यांविषयी, ते कोणत्या नौकेवरून कोठे गेले याविषयी त्या मुलाने विचारले असते तर उत्तर देणारे तेथे कोणी नव्हते. मोठ्या नौका जपणे खर्चाचे काम आहे आणि प्रत्येक जहाज जपता येत नाही, हे मला मान्य आहे. पण कागदाचे रुमाल बांधून कोरड्या खोलीत ठेवण्यास ८५२ कोटी लागत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये भारताने फ्रान्सशी सव्वीस राफेल-एम विमानांचा करार केला, आणि २०२२ साली कोचीत नौदलात दाखल झालेल्या नव्या विक्रांतवरून ती उडावयाची आहेत. पुन्हा नवे विमान, पुन्हा परदेशी प्रशिक्षण, पुन्हा सुट्या भागांची व्यवस्था. सी हॉक, हॅरियर, मिग या तीन विमानांच्या वेळी आपण काय शिकलो याचा लेखी हिशेब करारावर सह्या करणाऱ्यांच्या मेजावर होता की नव्हता, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रत्येकास आहे.

माझी सूचना अगदी मर्यादित आहे. तीनशे क्रमांकाच्या तुकडीच्या पंचवीस वर्षांहून जुन्या नोंदवह्या, विक्रांतची त्या काळची कार्यवृत्ते आणि नावे झाकलेले अपघात-अहवाल राष्ट्रीय अभिलेखागाराकडे रीतसर सोपवावेत. त्यांच्या नकला बोगमाळोच्या संग्रहालयात एक वाचनखोली उघडून तेथे ठेवाव्यात. आणि गोवा व मुंबई विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी त्या काळच्या खलाश्यांच्या, यंत्रज्ञांच्या आणि बॉयलरच्या खोलीत काम केलेल्यांच्या जबान्या ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. नौदलातून निवृत्त होऊन गावी परतलेली अशी माणसे कोकणात आणि गोव्यात ठायी ठायी आढळतात. १९७१ साली जो विशीतला खलाशी विक्रांतच्या कॅटापुल्टवर उभा होता त्याने आता सत्तरी ओलांडली आहे, आणि जो त्या वेळी तिशीचा होता तो ऐंशीच्या पुढे गेला आहे. कागद आणखी काही वर्षे थांबतील. या माणसांच्या जबान्या घेण्याचे काम मात्र येत्या हिवाळ्यातच सुरू व्हावयास हवे, आणि त्यासाठी दिल्लीच्या परवानगीचीही गरज नाही.